चार चाके, चार वर्तुळे

महाडच्या एस.टी. स्थानकावर अर्धा तास उभे राहिले, तर भूमितीचा एक चांगला पाठ फुकटात पाहायला मिळतो. फलाटाला तोंड लावून उभ्या असलेल्या गाडीची निघायची वेळ झाली, की वाहक मागे जाऊन उभा राहतो आणि शिट्टी वाजवू लागतो. त्या शिट्टीच्या तालावर चालक दहा-अकरा मीटर लांबीची ती गाडी सावकाश मागे घेतो, वळवतो आणि शिट्टी थांबताच थांबतो. उतारूंची ये-जा चालूच असते. हे दृश्य इतके नेहमीचे आहे, की त्यात काही विशेष आहे असे कोणाला वाटत नाही.

याच दृश्याची छोटी आवृत्ती महाड-पोलादपूर भागात संध्याकाळी एखाद्या मोकळ्या मैदानावर दिसते. पुढे-मागे लाल 'एल' अक्षर लावलेली एक छोटी मोटार, जमिनीत रोवलेल्या चार काठ्या, आणि घामाघूम झालेला एक शिकाऊ चालक. 'येऊ द्या, येऊ द्या, आता फुल कट मारा... बस्स!' आणि नेमकी काठी पडलेली असते. शिकवणारा म्हणतो, 'पुन्हा करा.' पुन्हा तेच होते. आमच्यापैकी काहींनी हा अनुभव घेतला आहे. दहाव्या वेळी काठी का पडली नाही हे जसे आम्हांला कळले नाही, तसेच पहिल्या नऊ वेळा ती का पडली हेही कळले नव्हते.

शिकवणारे अनुभवी असतात. 'कट' कधी मारायचा हे त्यांच्या हाताला ठाऊक असते. पण तो तेव्हाच का मारायचा, हे शब्दांत सांगणे त्यांना जमतेच असे नाही. ते 'का' शोधायला निघालो तेव्हा आमच्या लक्षात आले, की त्यासाठी लागणारे सगळे गणित नववी-दहावीच्या पुस्तकात आहे. वर्तुळ, पायथागोरसचे प्रमेय आणि समरूप त्रिकोण, एवढ्यावर भागते.

परवान्याची चाचणी

मोटार वाहन अधिनियम १९८८ चा. त्याखालील केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. गिअरची मोटार चालवण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. आधी शिकाऊ परवाना मिळतो. तो सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. मधल्या काळात पक्का परवाना असलेली जाणती व्यक्ती शेजारी बसलेली असली पाहिजे. चाचणीत काय काय पाहायचे याची यादी नियमांत दिली आहे, आणि गाडी ताब्यात ठेवून मागे घेता येणे हा त्या यादीचा एक भाग आहे. रायगड जिल्ह्याचे उपप्रादेशिक परिवहन कार्यालय पेणला आहे. 'एमएच-०६' हा क्रमांक तिथलाच.

महाडहून पेण शंभरेक किलोमीटरवर आहे. चाचणीत नापास झाल्यावर पुन्हा चाचणी द्यावी लागते आणि रोजंदारीवर काम करणाऱ्या मुलाचा आणखी एक दिवस बुडतो. मोटार चालवणे ही या भागातल्या अनेक तरुणांची हौस नसून पोट भरण्याचे साधन आहे. म्हणून हा विषय वर्गात आणण्यासारखा आहे असे आम्हांला वाटते.

चाचणीपुरतेच हे कसब लागते असेही नाही. २० मार्चला चवदार तळ्यावर किंवा जूनमध्ये शिवराज्याभिषेकाच्या वेळी रायगडाच्या पायथ्याशी वाहनांच्या रांगा लागतात, तेव्हा मिळेल त्या चौकटीत गाडी बसवावी लागते. घाटात अरुंद जागी समोरून बस आली, तर मागे सरकण्याची वेळ येते ती लहान गाडीवर.

वळणाचे केंद्र कुठे असते?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. चाक घरंगळते ते आपल्या आसाला काटकोनात. आसाच्या दिशेने ते घरंगळू शकत नाही, फक्त घासत जाऊ शकते. आता एखादे चाक वर्तुळावर फिरत असेल, तर त्याची दिशा प्रत्येक क्षणी त्या वर्तुळाची स्पर्शिका असते. स्पर्शिका त्रिज्येला लंब असते, हे आपण शिकवतोच. म्हणजे चाकाचा आस त्रिज्येवर आला. दुसऱ्या शब्दांत, वर्तुळाचे केंद्र चाकाचा आस वाढवला असता त्या रेषेवर कुठेतरी असले पाहिजे.

मोटारीला चार चाके. मागची दोन चाके वळत नाहीत, ती कायम गाडीच्या लांबीला समांतर असतात. म्हणून त्यांचे आस एकाच रेषेवर येतात. यावरून या लेखातले सर्वांत महत्त्वाचे विधान मिळते: गाडी पुढे जात असो वा मागे, तिच्या वळणाचे केंद्र नेहमी मागच्या आसाच्या वाढवलेल्या रेषेवरच असते. स्टेअरिंग फिरवल्याने ते केंद्र त्या रेषेवर गाडीच्या जवळ येते किंवा दूर जाते, एवढेच.

बैलगाडीला एकच आस असतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न सोपा असतो. एक चाक जागच्या जागी ठेवून गाडी गर्रकन फिरवता येते. जुन्या चारचाकी घोडागाड्यांत पुढचा अख्खा आस मधल्या खिळीभोवती फिरत असे. आस फार फिरला, की गाडी कलंडण्याचा धोका असे. म्युनिकचा गाडी बनवणारा गेओर्ग लांकेन्सपेर्गर याने १९व्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वेगळी युक्ती काढली. आस स्थिर ठेवायचा आणि त्याच्या दोन टोकांना असलेली चाकेच वेगवेगळी वळवायची. रुडॉल्फ आकरमन यांनी त्याच्या वतीने १८१८ साली लंडनमध्ये या युक्तीचे पेटंट घेतले, म्हणून ती आज आकरमनच्या नावाने ओळखली जाते. इंग्लंडमध्ये इरॅस्मस डार्विन यांना (हे उत्क्रांतिवादाच्या चार्ल्स डार्विन यांचे आजोबा) ही कल्पना त्याच्याही बऱ्याच आधी सुचली होती.

या रचनेत वळणाच्या आतल्या बाजूचे चाक बाहेरच्या चाकापेक्षा अधिक वळते. तसे झाले तरच चारही चाकांचे आस एका बिंदूत मिळतील आणि कोणतेही चाक घासणार नाही. उभ्या मोटारीचे स्टेअरिंग पूर्ण फिरवून पुढची दोन्ही चाके समोरून पाहा. दोघांच्या कोनातला फरक नुसत्या डोळ्यांनीही दिसतो.

पायथागोरस रस्त्यावर

आता आकडे घेऊ. मारुती आल्टो ८०० ही गाडी २०१२ ते २०२३ या काळात विकली जात होती. पुढच्या आणि मागच्या आसांमधले तिचे अंतर २.३६ मीटर. वळणाची किमान त्रिज्या ४.६ मीटर, म्हणजे स्टेअरिंग पूर्ण फिरवले की बाहेरच्या बाजूचे पुढचे चाक ४.६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर धावते. डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर साधारण १.३ मीटर आणि गाडीची रुंदी साधारण दीड मीटर धरू.

कागदावर चार चाकांचा आयत काढा. मागच्या आसाची रेषा वाढवून तिच्यावर केंद्रबिंदू 'क' घ्या. 'क', बाहेरचे मागचे चाक आणि बाहेरचे पुढचे चाक मिळून काटकोन त्रिकोण होतो. कर्ण ४.६, एक बाजू २.३६. म्हणून मागच्या बाहेरच्या चाकाची त्रिज्या २१.१६ वजा ५.५७ यांचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३.९५ मीटर. त्यातून १.३ वजा केले की मागच्या आतल्या चाकाची त्रिज्या २.६५ मीटर. पुन्हा पायथागोरस वापरून पुढच्या आतल्या चाकाची त्रिज्या ३.५५ मीटर.

चार चाके, चार वेगळी वर्तुळे: ४.६, ३.९५, ३.५५ आणि २.६५ मीटर. मागचे चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, ते नेहमी आतून जाते. सायकलची चाके ओली करून सिमेंटच्या जमिनीवर वळण घेतले, तर हे लगेच दिसते. (कोनही काढता येतील. आदर्श रचनेत बाहेरचे चाक सुमारे ३१ अंशांनी आणि आतले ४२ अंशांनी वळते.)

काठी पाडते ती गाडीची काया, म्हणून आता चाकांवरून पत्र्यावर येऊ. पत्रा केंद्राच्या सर्वांत जवळ येतो तो मागच्या आसापाशी, आतल्या बाजूला. तिथली त्रिज्या २.५५ मीटर. सर्वांत दूर असतो तो पुढच्या बंपरचा बाहेरचा कोपरा. बंपर पुढच्या आसाच्या ०.६ मीटर पुढे धरला, तर त्या कोपऱ्याची त्रिज्या जवळजवळ ५ मीटर येते. वजाबाकी केली तर सुमारे २.४५ मीटर. म्हणजे दीड मीटर रुंदीची गाडी पूर्ण वळताना जवळजवळ अडीच मीटर रुंदीचा पट्टा व्यापते. नवशिक्याच्या मनात दीड मीटरची गाडी असते आणि मैदानावर अडीच मीटरची गाडी फिरत असते. काठी पडते ती या फरकातून.

मागूनच का शिरायचे?

समजा, आपण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर खोल चौकट आखली. तिच्या तोंडाशी दोन काठ्या रोवल्या. चौकट आपल्या उजव्या हाताला आहे आणि आपण तिच्या समोरून जात आहोत. सरळ उजवीकडे वळून तोंडानेच आत का शिरू नये?

गाडीचे वळणारे टोक पुढचे आणि न वळणारे टोक मागचे. तोंडाने शिरताना पुढचा कोपरा ५ मीटरच्या मोठ्या वर्तुळावर पलीकडच्या शेजाऱ्याकडे झेपावतो, तर मागची चाके आतून, अलीकडच्या शेजाऱ्याला खेटून येतात. मागून शिरताना उलट घडते. न वळणारे टोक, म्हणजे लहान वर्तुळावर फिरणारे टोक, आधी अरुंद जागेत जाते आणि झेपावणारे टोक बाहेर मोकळ्यावर राहते.

वरचेच आकडे घेऊन आम्ही हिशोब केला. एका दमात तोंडाने शिरायचे, तर काठ्यांच्या ओळीसमोर सहा मीटरहून थोडी अधिक मोकळी जागा लागते. मागून शिरायला चार मीटर पुरतात. अवघड वाटणारी रीत खरे तर कमी जागेत भागणारी आहे.

ज्यांनी सावित्रीच्या पात्रात होडी पाहिली आहे, त्यांना हे आणखी एका प्रकारे समजेल. होडीचे सुकाणू मागे असते. ते फिरवले की होडीचा मागचा भाग आधी बाहेर फेकला जातो. मागे जाणारी मोटार तशीच असते. तिची वळणारी चाके आता प्रवासाच्या दिशेने पाहता मागच्या टोकाला आलेली असतात. चालकाने मागे पाहताना आपल्या पाठीमागे नाक बाहेर झेपावत आहे हे विसरायचे नसते. शिकाऊ माणूस मागच्या काठीकडे पाहत राहतो आणि पुढचा कोपरा बाजूच्या झाडाला लागतो, तो यामुळे.

दिशेचा गोंधळही इथेच दूर करू. मागे जाताना स्टेअरिंग उजवीकडे फिरवले, की गाडीची शेपूट उजवीकडेच जाते. 'रिव्हर्समध्ये सगळे उलटे होते' हा समज मनातून काढून टाकावा. फक्त नाक डावीकडे जाते.

कुठे थांबायचे?

मागच्या आसाचा मध्यबिंदू ३.३ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतो (२.६५ आणि ३.९५ यांची सरासरी). गाडीला बरोबर ९० अंश फिरून चौकटीच्या मध्यरेषेवर यायचे आहे. म्हणून सुरुवातीला मागचा आस मध्यरेषेच्या ३.३ मीटर पुढे हवा. मध्यरेषेपासून दुसरी काठी सव्वा मीटरवर आहे. म्हणजे दोन्ही काठ्या ओलांडून मागची चाके दुसऱ्या काठीच्या सुमारे दोन मीटर पुढे गेली, की थांबायचे आणि स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवायचे.

काठ्यांच्या ओळीपासून किती दूर राहायचे? नवशिक्याला वाटते, जितके जवळ तितके सोपे. हिशोब वेगळे सांगतो. गाडीची उजवी बाजू ओळीपासून एक मीटरवर ठेवली, तर वळणाच्या केंद्रापासून दुसरी काठी २.५७ मीटरवर येते. पत्र्याची आतली त्रिज्या २.५५ मीटर आहे. काठी या त्रिज्येच्या आत असती तर वाचली असती. पण ती दोन सेंटीमीटर बाहेर आहे, म्हणजे पत्र्याच्या वाटेत आली. गाडी दीड मीटरवर ठेवली, तर तेच अंतर २.३ मीटर होते आणि काठी पंचवीस सेंटीमीटरने वाचते. दोन मीटरवर ठेवली, तर त्रेचाळीस सेंटीमीटरने. मात्र दूर जावे तसतशी समोर अधिक मोकळी जागा लागते. म्हणून आल्टोसारख्या गाडीला दीड ते दोन मीटर हे अंतर बरे. हे कळल्यावर आमच्या पडलेल्या काठ्यांचा उलगडा झाला. आम्ही ओळीला चिकटून सुरुवात करत होतो.

कोणती काठी पडली यावरून चूक ओळखता येते. स्टेअरिंग वेळेआधी फिरवले किंवा ओळीच्या फार जवळून सुरुवात केली, तर दुसरी काठी पडते. उशिरा फिरवले, तर गाडी पहिल्या काठीवर जाते. नुसते 'पुन्हा करा' म्हणण्यापेक्षा हे सांगणे अधिक उपयोगी पडेल.

गाडी हळू, हात जलद

अडीच मीटरच्या चौकटीत दीड मीटरची गाडी मधोमध उभी राहिली, तर दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास सेंटीमीटर उरतात. चूक करायला एवढीच मुभा आहे. सुरुवातीचा बिंदू जितका चुकेल, नेमकी तितकीच गाडी शेवटी बाजूला सरकेल, कारण संपूर्ण वर्तुळच तेवढे सरकते.

माणूस सावकाश चालतो तो वेग सेकंदाला सुमारे एक मीटर. या वेगाने गाडी मागे घेताना स्टेअरिंग एक सेकंद उशिरा फिरवले, तर चूक एक मीटरची, म्हणजे मुभेच्या दुप्पट. हाफ क्लचवर गाडी सेकंदाला तीस सेंटीमीटर सरकत असेल, तर तोच एक सेकंद तीस सेंटीमीटरचा. काठी वाचते. शिवाय स्टेअरिंग सरळ स्थितीपासून पूर्ण फिरवायला तीन-चार सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गाडी तीन मीटर गेली, तर आपण काढलेले वर्तुळ कागदावरच राहते. 'गाडी हळू, हात जलद' या उपदेशामागचे गणित हे असे आहे.

आरसा काय दाखवतो, काय लपवतो

आरसा डावे-उजवे उलटतो असे मुले सर्रास लिहितात. मोटारीच्या आरशात पाहून हा समज तपासता येतो. उजव्या बाजूची काठी आरशातही उजवीकडेच दिसते. आरसा उलटतो ते पुढे आणि मागे. बाजूचे आरसे बहुधा बहिर्वक्र असतात. त्यांत अधिक प्रदेश मावतो, पण वस्तू लहान दिसतात आणि म्हणून आहेत त्यापेक्षा दूर वाटतात. काठी आरशात दिसते त्यापेक्षा जवळ आहे असेच धरून चालावे.

आरशात न दिसणारा भाग मात्र अधिक महत्त्वाचा आहे. समजा, चालकाचा डोळा जमिनीपासून १.१५ मीटर उंच आहे. मागच्या काचेची खालची कड ०.९५ मीटर उंच आणि डोळ्याच्या दीड मीटर मागे आहे. मागे वळून पाहताना काचेच्या कडेला टेकून जाणारी दृष्टिरेषा दीड मीटरात वीस सेंटीमीटर उतरते. समरूप त्रिकोणांनी पाहा: ती जमिनीला टेकेल डोळ्यापासून ८.६ मीटरवर. मागचा बंपर डोळ्याच्या दीड मीटरच्या आसपास मागे असतो. म्हणजे बंपरमागची सुमारे सात मीटर जमीन चालकाला दिसतच नाही. पन्नास सेंटीमीटर उंचीचे, जमिनीवर बसून खेळणारे मूल बंपरपासून तीन मीटरहून अधिक अंतरापर्यंत अदृश्य असते.

अंगणात गाडी मागे घेताना होणाऱ्या अपघातांचे मूळ या त्रिकोणात आहे. अशा वेळी गाडी चालवणारा बहुधा घरचाच असतो आणि मूलही घरचेच. १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या मोटारींना मागे अडथळा ओळखणारे सेन्सर बसवणे सक्तीचे झाले आहे. जुन्या गाड्यांना ते नाहीत, आणि सेन्सर असले तरी गाडीत बसण्यापूर्वी एकदा मागे फेरी मारून पाहणे हाच खात्रीचा उपाय. एस.टी.चा वाहक शिट्टी घेऊन मागे उभा राहतो, तो हा अदृश्य त्रिकोण स्वतःच्या डोळ्यांनी भरून काढण्यासाठी.

मैदानावरून घाटात

पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी, महाडहून भोरला जाणारा वरंधा, खेडकडे उतरणारा कशेडी. या परिसराला घाट नवे नाहीत. डोंगरी रस्त्यांवर इंग्रजी 'यू'सारख्या वळणाच्या आतल्या कडेची त्रिज्या किमान १४ मीटर असावी, असे भारतीय रस्ते काँग्रेसचे मानक आहे. तोच आकडा घेऊन आपले गणित पुन्हा करू.

बसच्या दोन आसांमधले अंतर सहा मीटर धरा. मागचे आतले चाक १४ मीटर त्रिज्येवर असेल, तर पुढचे आतले चाक १९६ अधिक ३६ यांच्या वर्गमुळाएवढ्या, म्हणजे सुमारे १५.२ मीटर त्रिज्येवर असते. मागचे चाक पुढच्याच्या जवळजवळ सव्वा मीटर आतून जाते. आपल्या छोट्या मोटारीत त्याच वळणावर हा फरक वीस सेंटीमीटरचा असतो. लांबीचा वर्ग येतो, म्हणून फरक इतका वाढतो. वळणावर रस्ता अधिक रुंद ठेवतात, त्याचे एक कारण हे.

आता एक मोटारसायकलस्वार डोळ्यांसमोर आणा. वळणावर बसचे पुढचे चाक कडेपासून दूर गेलेले त्याला दिसते. आत जागा झाली असे वाटून तो तिथे घुसतो. ती जागा मोकळी नसते. मागचे चाक काही क्षणांतच तिथे येणार असते, आणि चालकाला तो स्वार आरशात दिसेलच असे नाही. शहरातल्या चौकात डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या आत शिरणाऱ्या सायकलस्वाराचीही हीच गत होते. बसच्या बाहेरच्या बाजूलाही सावध राहावे लागते. मागच्या आसामागे तीन मीटर लांबीचा सांगाडा असतो. आसापाशी बाहेरच्या बाजूची त्रिज्या दहा मीटर असेल, तर मागचा कोपरा जवळजवळ ४५ सेंटीमीटर बाहेर झेपावतो. स्थानकावर गाडीला खेटून उभे राहू नये, ते एवढ्यासाठी.

वर्गात करण्यासारखे

१. बांबूच्या चार काठ्यांचा २.३६ मीटर गुणिले १.३ मीटर मापाचा आयत बांधा. मैदानात खुंटी ठोका. आयताची आखूड बाजू (मागचा आस) खुंटीच्या रेषेत आणि जवळचा कोपरा २.६५ मीटरवर ठेवा. चार विद्यार्थी चार कोपरे धरून फिरतील. प्रत्येकाने आपल्या कोपऱ्याखाली फक्कीची रेघ ओढायची. चार वर्तुळांच्या त्रिज्या टेपने मोजा आणि गणिताशी ताडून पाहा.

२. तोच आयत घेऊन अडीच मीटरच्या चौकटीत तोंडाने आणि मागून 'गाडी' लावून पाहा. प्रत्येक वेळी किती मोकळी जागा लागली ते मोजा. पत्र्याची रुंदी दाखवण्यासाठी दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटीमीटर वाढवा.

३. सपाट जागी उभ्या मोटारीची किल्ली काढून, हँडब्रेक लावून आणि चाकांखाली दगड ठेवून एक जण चालकाच्या जागी बसेल. दुसरा अर्ध्या मीटरची काठी उभी धरून बंपरपासून मागे सरकत जाईल. काठीचे टोक प्रथम कुठे दिसते तिथे खूण करा. असा अदृश्य भाग फक्कीने आखला, की तो किती मोठा आहे हे मुले विसरत नाहीत. बस किंवा ट्रक मिळाला, तर हाच प्रयोग समोरच्या बाजूनेही करावा.

वर्गातल्या काही मुलांना दोन-तीन वर्षांत शिकाऊ परवाना मिळेल. बाकीची रोज रस्त्याच्या कडेने शाळेत येतात. पहिल्यांना स्टेअरिंग केव्हा फिरवायचे हे कळेल, दुसऱ्यांना बसच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे नाही हे कळेल. मागच्या आसाच्या रेषेवरचा तो एक बिंदू दोघांच्याही कामाचा आहे. उद्या स्थानकावर वाहकाची शिट्टी ऐकू आली, तर विद्यार्थ्यांना तिथे दोन मिनिटे थांबवा आणि विचारा: आत्ता या गाडीच्या वळणाचे केंद्र कुठे आहे?